बैठक

अशोक चौकातून आत वळलं की
यंत्रमागांच्या खडखडाटाला पाठ टेकून
राजमल्लू गुंडेटींचं दुकान.
खुंटीला रेक्झीनच्या कातड्या,
भिंतीशी सोललेल्या सिटा, पिवळा स्पंज उघडा पडलेल्या.

मी म्हटलं, मऊ करा. एकदम मऊ.
तवांगपर्यंत जायचंय, एकटीनं,
आणि माकडहाड आत्ताच मोहोळच्या पुढं बोंबलतं.
त्यांनी ‘एकटीनं’ ऐकलं आणि सोडून दिलं.
‘मऊ’ मात्र सोडेनात.

“मऊ फसवतंय ओ मॅडम.
दुकानात गोड लागतंय, उमरग्याच्या पुढं चावतंय.
गादी झोपायला असतंय.”

मग जेल घालू या का, मी वाचून आले होते.
“एप्रिलात गाडी उन्हात लावून बघा की.
भाकरी भाजून निघंल त्याच्यावर.”

चादरींच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला,
गिरणीचा अर्धा शिक्का अजून त्यावर.
स्टुलावर टाकला. “बसा. हलू नका.
चहा सांगून येतो.”

हलले नाही.
पंचेचाळीस वर्षांत इतकं मन लावून कधी बसले नव्हते.
परीक्षेला बसले, पाहुण्यांसमोर बसले,
पतसंस्थेच्या काउंटरमागं एकोणीस वर्षं बसले,
संस्था बसली तेव्हा घरी बसले.
खुर्ची दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या मापाची.

उठले तर पुठ्ठ्यात दोन खळगे,
लिंबाएवढे.
त्यांनी मधल्या अंतराला टेप लावली,
खडूनं पुठ्ठ्यावरच लिहिलं: साडेपाच.
“एवढ्यावर तुमचं सगळं ओझं हाय बघा.”

एवढ्यावर?
मला वाटलं होतं जास्त जागा लागत असेल.

खाली कडक फोम, वर दोन बोटं नरम.
पुढचा उतार काढला, म्हणजे ब्रेक दाबला की
माणूस टाकीवर जाऊन आदळत नाही.
नाकाशी निमुळतं, पाय जमिनीला पुरावेत म्हणून.
पहिल्यांदा तुळजापूरला जाऊन आले: उजवी बाजू पेटली.
दुसऱ्यांदा शिवण मांडीखाली आली.
वाद नाही, पैशाची भाषा नाही,
ब्लेडनं टाके उसवले,
दोरा दातात धरून नुसतं “हं” म्हणाले.

मधल्या वेळात मी त्यांच्या बसायच्या जागेकडं बघत होते.
मशीनपुढं उघडी लाकडी फळी.
ना फोम, ना साधी घडी घातलेली चादर.
एवढ्या लोकांना बसवता, आणि स्वतः?
“मागावरची हाय. नायनांची.”
उठून त्यांनी हातानं पुसली.
काळ्या, तुळतुळीत लाकडात दोन खळगे,
माझ्याहून रुंद.
“चाळीस वर्षं लागली त्यांना हे करायला.
मी अजून त्यात बसतोय बघा, बरोबर बसत नाही.”
बाहेर कुठला तरी माग थांबला,
आणि शांतता एकदम अंगावर आली.
परत सुरू झाला तेव्हा तेही शिवायला लागले.

तिसऱ्या खेपेला नळदुर्ग कधी मागं गेलं कळलं नाही.
पंपावर पेट्रोल भरताना आठवलं:
अरे, सीट बघायची होती.
फोन करून सांगितलं, काहीच जाणवलं नाही.
“झालं मग,” म्हणाले. “या आता जाऊन.”

आज जहीराबादच्या अलीकडे ढाब्यावर
पोऱ्यानं माझ्यासाठी बाज झटकली, बैठो, बैठो.
नको म्हटलं.
चहा उभ्यानंच घेतला, गरम बशीवर फुंकर घालत.

पुठ्ठा टाकीवरच्या पिशवीत आहे.
खडू पुसत चाललाय, पाच राहिलेत, साडे गेले.
खळगे टिकतील म्हणाले होते.
बघू.