वास्तू तथास्तु म्हणते

ग्रिम्सबीच्या शाळेत पहिल्या मजल्यावर
एक खोली आहे, दारावर पाटी नसलेली.
आत तीन खुर्च्या, पैकी एक डुगडुगती.
मी नेमकी तिच्यावर बसले.

हॅकेटबाईंनी फॉर्म पुढे ओढला
आणि मला क्षणभर धीर आला,
कारण फॉर्म मला कळतात.
केअर होममध्ये रोज रात्री भरते मी :
मिस्टर डॉब्स, वय एक्क्याण्णव, पडण्याची जोखीम जास्त.
मिसेस लॅम, गिळताना त्रास, पाणी दाट करून द्यावे.
कोण कधी कुठे तोल जाऊन पडेल
ते मला रकान्यात मांडता येतं.

या फॉर्मवर नाव होतं निहार प्रभुदेसाई.
जोखीम : अजून कोरी.

कळलं ते लायब्ररीतल्या बाईंना.
त्याने सगळी पुस्तकं एकदम परत केली,
मुदतीआधी, एकाची सुटलेली पाठ नीट चिकटवून.
‘आता लागणार नाहीत,’ म्हणाला.
मी असते तर शाबासकी दिली असती.
त्यांनी फोन उचलला.

आई इथे बसलेली चालेल का,
हे आधी त्यालाच विचारलं. मान हलली, जेमतेम.
मग, जेवलास का विचारावं तशा आवाजात,
‘निहार, मरून जावंसं वाटतं का तुला?’

मी दचकून छताकडे पाहिलं.
आमच्यात असं बोलत नाहीत.
वास्तू तथास्तु म्हणते.
आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते.
तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात.
उंबऱ्यावरून कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात.
शब्दांवर झाकण ठेवत आले मी जन्मभर,
आणि खाली वाफ कोंडत होती.

छत गप्प होतं.
रेडिएटर टकटक करत राहिला.
बाहेर हॉकीच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली.
निहार म्हणाला, ‘हो. कधीकधी.’
मग थांबून, ‘रात्री जास्त.’
आणि त्याचे खांदे, जे दिवाळीपासून कानांना चिकटले होते,
थोडे खाली आले.

बाई दचकल्या नाहीत.
कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहेस का,
एकेक विचारत गेल्या, न घाईत, न कुजबुजत.
आणि थांबवतं काय?
यावर तो खूप वेळ बाहीचा धागा ओढत बसला.
‘शेजारचा कुत्रा. मी फाटक उघडलं की
त्याला माझा आवाज ओळखू येतो.’
आई, असं नाही म्हणाला. लागलं मला, खोटं कशाला बोलू.
बाईंनी लिहिलं : कुत्रा. नाव विचारून घेतलं. मफिन.
डॉक्टरांचं नाव लिहावं तसं लिहिलं.

मग दुसरा कागद, तिघांनी मिळून.
हिरवं कार्ड : वर्गातून न विचारता उठता येईल.
कुणाकडे जायचं, ते नाव त्यानेच निवडायचं.
तो म्हणाला, लायब्ररीच्या बाई.
डॉक्टरांना फोन आजच. भेट पुन्हा गुरुवारी.
घरात काय काय कुलपात ठेवायचं
ते माझ्याशी वेगळं बोलल्या, दाराबाहेर, हात धरून.
मी म्हटलं, मी रात्रपाळीला असते.
‘मग आधी रात्रीचंच ठरवू,’ म्हणाल्या,
आणि पुन्हा आत गेल्या.

बसमध्ये शेजारी बसलो दोघं.
खिडकीवर समुद्राकडचं खारं वारं आपटत होतं.
सुट्टी मागायचा मेसेज मी तीनदा लिहिला, एकदा पाठवला.
आणि तो प्रश्न मराठीत कसा विचारतात
ते मनात घोकत आले. जमेना.
इंग्रजीत तो नुसता प्रश्न होता.
मराठीत त्याला माझ्या आईचा आवाज होता, ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणणारा.

घरी आलो तेव्हा तिन्हीसांज.
मफिन फाटकाशी वेडा झालेला.
दिवा लावला, वात नीट केली, पुन्हा केली,
मग विचारलं. झाकण न ठेवता.

निहार बूट काढत होता.
‘आज नाही, आई,’ म्हणाला.

मी छताकडे पाहिलं.
हे ऐकलंस ना.
याला म्हण.