मिटल्या पापणीवरून

मेदेर, तुला डोळे मीट म्हणायची गरजच नाही.
तू उघडतच नाहीयेस.
एका परीनं बरंय,
मला पापणी मिटलेलीच हवी.

जेल थंड लागेल. नारीनमध्ये जानेवारीत सगळंच थंड;
तासभर बाटली काखेत धरून बसले होते,
तरी थंडच.
हे यंत्र आलं होतं गळ्याच्या गाठींसाठी,
डोंगरातल्या बायकांचे गलगंड मोजायला.
आज ते तुझ्या डोळ्यावर ठेवतेय,
ठेवतेय म्हणजे जेलवर नुसतं तरंगू देतेय,
करंगळी तुझ्या गालफडाला रोवून,
भार पडू नये म्हणून.

पडद्यावर काळा गोल, तो डोळा.
त्याच्या मागे देठ,
फळाला असतो तसाच.
देठाच्या सालीखाली मेंदूभोवतीचंच पाणी खेळतं,
आत कोंडी झाली की साल फुगते.
तीन मिलिमीटर मागे जायचं,
तिथं आडवी रेघ मारायची.
सहा पूर्णांक चार.
पुन्हा. सहा पूर्णांक दोन.
मधला फरक कुणाचा,
तुझ्या देठाचा की माझ्या हाताचा?

बिश्केकहून फोनवर विचारलं,
कवटीला भोक पाडून दाब मोजता येईल का?
म्हटलं, ड्रिल आहे, रखवालदाराकडे,
तो त्यानं खिडक्या बसवतो.
पलीकडे कुणी हसलं नाही.
मीही विनोद केला नव्हता.
दोलोनच्या घाटात हिमकडा उतरलाय,
रस्ता उघडला तर उद्या दुपारी.

शारशेन दारात उभा, कल्पाक हातात.
तुझ्या बापाला उघड्या डोक्यानं
मी आज पहिल्यांदा पाहिलं.
किती आहे?
सहाच्या वर.
काय सहा? वीत? बोटं?
घोडे मोजणाऱ्या माणसाला काय सांगणार.
अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांत
जवाच्या दाण्याहून थोडी कमी फट धरून दाखवली.
आणि असायला किती हवं?
नखं जराशी जवळ आणली.
तो त्या जराशाकडे बघत राहिला.
नालेचा खिळासुद्धा ह्याहून जाड असतो, म्हणाला.

आपल्या तंबूला माथ्यावर तुंदूक असतो,
धूर जायला.
कवटीला नसतो.
तुझा मी पाहिलाय पण.
बावीस वर्षांपूर्वी, मी इथं नवी,
तू पाच महिन्यांचा, तापानं फणफणलेला,
टाळूवर बोट ठेवलं, खाली नाडी उडत होती,
टाळू सपाट, म्हणजे काळजी नाही.
तेव्हा एक बोट पुरलं होतं.
मग टाळू भरली. तुझी आई खूश:
डोकं पक्कं झालं पोराचं.
ते पक्कं डोकं घेऊन तू काल
धावत्या घोड्यावरून वाकलास,
बकऱ्याचं धड उचलायला,
आणि कुणाचा तरी टाच मारलेला घोडा तुझ्यावर आला.

पलंगाचा माथा उचलायचा दांडा मोडलाय.
शारशेननं गाडीतून तुझं खोगीर आणलं,
गादीखाली सरकवलं.
तीस अंश झाले असतील.
शिरेत खारं पाणी, हळूहळू.
मांसाला मीठ लावलं की पाणी सुटतं,
त्यानंच मला समजावलं ते, मी त्याला नाही.

एक वाजता सहा दोन.
तीनला सहा.
साडेचारला पाच आठ, की आठ म्हणावंसं वाटलं म्हणून आठ?
नर्स एल्नुराला हाक मारली,
माझा आकडा सांगितला नाही, म्हटलं तू मोज.
पाच नऊ.
हा दाब नाही, मेदेर, दाबाची सावली आहे,
आणि सावली मी डोळे चोळत मोजतेय.

बाहेर नांगर लावलेला ट्रक गेल्याचा आवाज,
घाटाच्या दिशेनं.
पापण्यांच्या केसांत सुकलेलं जेल
कोमट फडक्यानं पुसायला घेतलं
तर तू कपाळाला आठी घातलीस.
वैतागलेली, रागीट,
झोपमोड झालेल्या पोराची आठी.
हात तसाच ठेवून
मी आणखी एकदा पुसलं.