रात्रपाळी

टर्शियस लोम्बार्ड कधीच पहिला आला नाही.
हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको.

मी त्याच्या फेऱ्या मोजायचे.
पिटच्या कठड्यावर, मांडीवर फळी, कानामागे पेन्सिल,
गळ्यात दोन घड्याळं:
एक माझं, एक संघाचं.
त्यांचं आपसात कधी पटलं नाही.

वेल्कमचा पोरगा. सोन्याच्या खाणींचं गाव,
पिवळ्या मातीच्या ढिगाऱ्यांचं.
वारा सुटला की दोरीवरचे कपडे
पुन्हा धुवायला घ्यायचे.
बाप तीन नंबरच्या शाफ्टवर, कायम रात्रपाळी.
तिन्हीसांजेला पिंजऱ्यातून दीड मैल खाली,
कपाळाला दिवा.
आमच्या घरात, टर्शियस सांगायचा,
दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नसे.

त्यामुळेच की काय,
एक गाडी दोघांत वाटून घ्यायची वेळ आली
की सुरुवात दुसऱ्याची, झेंडा दुसऱ्याचा,
मधला काळोख याचा.
मागून घ्यायचा तो.

क्यालामी. नोव्हेंबर. नऊ तास.
लिऊकॉपच्या वळणापाशी लोक मांस भाजत बसलेले,
धूर ट्रॅकवर आडवा.
अंधारात मी वळण नाकानं ओळखतो, म्हणायचा,
सॉसेजचा वास आला की ब्रेक.
आम्ही हसायचो.
मोगामाट हसायचा नाही,
तो खाली वाकून ब्रेकचे पॅड बघायचा.

मोगामाट साली, सॉल्ट रिव्हरचा.
इंजिन त्याचा हात ओळखायचं.
त्या वर्षी आमच्या गटात आम्ही तिसरे आलो,
बक्षिसाचं जेवण हॉटेलात होतं,
आणि मोगामाटला दारातच थांबवलं.
तेव्हाचा कायदा. गोरे आत, बाकीचे बाहेर.
टर्शियस आत गेला.
ही गोष्ट तो स्वतःच काढतो, कुणी न विचारता,
आणि एकाच वाक्यात संपवतो:
मी जेवलो.

मग फ्रान्स. चोवीस तास.
उसनी गाडी, उसना ओव्हरऑल, बाही चार बोटं आखूड.
रात्री अकराला आत बसला.
एकच्या सुमारास ससा आला आडवा,
डावा दिवा गेला.
तीनला पाऊस.
जोडीदाराला ताप, तो ट्रकमध्ये कुडकुडत पडलेला,
मी फलकावर लिहिलं: अजून.
पुढच्या वेळी परत: अजून.
एका डोळ्याची गाडी समोरून जायची,
पाण्याची भिंत उठायची
आणि माझ्या कागदावर पडायची.
चार मिनिटं अकरा. चार अकरा. चार बारा. चार अकरा.
आकडे बघून वाटावं,
माणूस घरी बसून भिंतीला रंग देतोय.

सकाळी सहाला त्याला ओढून बाहेर काढलं.
बोटं स्टिअरिंगच्या आकारातच राहिलेली,
मोगामाटनं एकेक करून सरळ केली.
आम्ही गटात दुसरे.
दुपारी चारला जोडीदारानं झेंडा घेतला, ताप उतरला होता.
फोटोत तो आहे, गाडी आहे, मालकाची बायको आहे.
टर्शियस ट्रकखाली झोपलेला,
बूट तेवढे दिसतात, कोपऱ्यात,
माहीत असेल तर.

घरी फोन लावला. खर्र खर्र.
बापानं जागा विचारली नाही, गाडीही नाही.
किती तास होतास खाली?
सात, बाबा.
आलास ना वर, मग झालं.
आणि खोकला, बराच वेळ,
मिनिटामिनिटाला पैसे पडत असताना.

आता शाफ्टवर काँक्रीटचं झाकण आहे.
टर्शियसचं टायरचं दुकान, शनिवारी अर्धा दिवस.
मोगामाटची पत्रं यायची, पुढे थांबली.

ते कागद माझ्याकडे आहेत. पाण्यानं फुगलेले.
पहाटे चार ते सव्वाचारमध्ये
एका फेरीची खूण नाही.
डोळा लागला माझा.
अधिकाऱ्यांच्या वहीत ती आहे, म्हणून दुसरा नंबर टिकला.
पण मी बघितली नाही.
त्याला हे अजून सांगितलेलं नाही.