दातांचा पेला

त्रिएस्तेत त्या आठवड्यात बोरा सुटला होता,
डोंगरावरून समुद्राकडे धावत सुटणारा वारा,
छत्र्यांची हाडं मोडणारा.
पेन्शन ओन्दिना, तिसरा मजला, आठ खोल्या, एक नहाणी,
आणि रिकाम्या कोंदणाभोवती वाकलेले आम्ही सगळे.

चार नख्या उघड्या. खडा गायब.
ओपल, चिंचोक्याएवढा, इथिओपियाचा,
हलवला की आत हिरव्या-तांबड्या ठिणग्या.
डबी रविवारनंतर कुणी उघडली नव्हती, म्हणे.

मी अकरा वर्षांची, कुताईसीची नुत्सा.
वहीवर लिहिलेलं: गुप्तहेर. खाली: उघडू नये.
एतेरी मावशी दुभाषी. माझे प्रश्न
ती साखर घालून विचारायची,
त्यामुळे उत्तरादाखल मला बिस्कीट मिळायचं.

ग्राट्सचा दंतवैद्य: खिशात चिमटा.
झ्द्रावको खलाशी: दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.
बिछाने घालणारी मिलेवा: विचारायच्या आधीच रडली.
तिघांपुढे फुल्या मारल्या, मग खोडल्या.
ओन्दिनाबाई सांगत होत्या, सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं,
त्या पैशांत छप्पर, आणि सासऱ्यांना
टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट.

सासरे एजिदियो, एके काळी जहाजावरचे आचारी,
कोपऱ्यातल्या खोलीत बोळकं मिटून बसलेले.
उशाशी पेला. पेल्यात कवळी.
पोलिसाने गादी उसवली, घड्याळ खोललं,
पेल्याकडे मात्र कुणी बघेना.
दुसऱ्याच्या कवळीकडे बघू नये, ही रीत.
पण माझी दाढ त्याच सकाळी पडली होती,
मला दातांत फार रस होता.

वरच्या रांगेमागे
पाणी एका जागी जरासं जाड होतं.
बोट बुडवलं.
पाण्याला कडा होती.

म्हातारबा दचकले नाहीत.
दातांवाचून शब्द नुसते फुगत होते,
त्यातला एक बायकोचं नाव असावा;
मावशी खोलीत नव्हती.
मग हातांनी सांगितलं:
हा खडा पाणी पितो.
प्यायला की मूठ मिटते, रंग विझतात, तो दिसेनासा होतो.
बाहेर काढून, पुसून, आठवडाभर वाळवला की
मूठ पुन्हा उघडते.

म्हणजे राखायचा तर विझवूनच राखायचा.
हे मला फार नंतर कळलं.
तेव्हा मी पुरावा वहीत लिहिला, तारीख घातली,
पान फाडलं आणि खाल्लं.
चांगले गुप्तहेर असंच करतात.
दाढ नव्हती, वेळ लागला.

सोमवारी गिऱ्हाईक कॉफी पिऊन गेलं.
आमची बस लुब्लियानाला निघाली, वारा काचेवर डोकं आपटत होता,
आणि वळणावर कुठेतरी माझ्या लक्षात आलं
की एक प्रश्न विचारायचा राहिला:

रोज सकाळी सातला
पेल्यातलं पाणी मिलेवा बदलायची.