रविवारच्या नाड्या

रविवारी ग्राउंड नसायचं.
अकॅडमीच्या मागच्या ओट्यावर मथुरामावशी
आमचे बूट उलटे करून ठोकायची
आणि ओरडायची, नाड्या काढा गं पोरींनो,
नाडीसकट बूट धुणं म्हणजे
वेणी न सोडता न्हाणं.

परभणीतलं ते बोअरचं पाणी, क्षाराचं.
बादलीच्या काठाला पांढरी रेघ धरायची,
नाडी वाळली की सुतळीसारखी ताठ.
म्हणून शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात,
आठ दिवसांआड येणाऱ्या, हंड्यात झाकून ठेवलेल्या.
बत्तीस पोरींत मिळून दोन तांबे.

सुती नाडी तिची लाडकी.
"हिला कढत पाणी चालतंय, रिठा चालतोय,
घासलंबी तरी चालतंय. सुताचं मन मोठं असतंय."
नायलॉनची मात्र कोमट पाण्यात,
चिमूटभर पावडर, जुना टूथब्रश, एकाच दिशेनं,
आणि वाळत घालायची सावलीला.
उन्हात पिवळी पडली की मग कितीही रडा.

निकहतची लेस रबराची, ताणणारी,
भावानं पुण्याहून आणलेली.
मावशीनं दोन बोटांत ओढून पाहिली, सोडली, परत ओढली.
हसली लहान पोरीसारखी.
"ही पिळायची न्हाई. पिळली की जीव जातोय हिचा."

सरांच्या बुटांची नाडी चामड्याची.
तिला पाणी नाहीच.
ओलसर फडक्यानं पुसायची, वाळू द्यायची,
मग तळहातावर एरंडेल घेऊन
मुठीतून हळूहळू ओढायची,
लेकराच्या पायाला तेल लावावं तशी.
सर तिला अगंतुगं करायचे.
तेल कधी कमी पडलं नाही.

नाडीच्या टोकाला जे प्लास्टिक असतं
त्याला आपल्यात नाव नाही.
मावशी चोच म्हणायची.
चोच गेली की धागे पिंजारतात,
थुंकी लावून वळा, तरी भोकात शिरत नाही.
नायलॉन असेल तर मेणबत्तीवर धरून
ती नवी चोच काढायची,
सुती असेल तर नेलपॉलिश.
माझ्या नाड्यांना माझंच लावलं होतं, गुलाबी.
सर म्हणाले, लग्नाला निघालीस का?

ती स्वतः चप्पल घालायची.
अंगठ्याला तारेनं शिवलेली.

भरतीला आठशे मीटर.
दुसऱ्या फेरीत, वळणावर, डावी सुटली.
थांबले नसते तर. पडले असते तर.
दोन्ही हिशोब मी मांडलेत, पुष्कळदा,
मानवतच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्यावर बसून,
कापसाच्या गाड्यांचा नंबर लागलेला असताना.
वाकून बांधली. करकचून, दोन गाठी.
एका मार्कानं राहिले.

त्या दुपारी मावशीनंच बूट काढले पायातले.
कुणी काही बोललं नाही.
उजवी नाडी निघाली, बादलीत गेली.
डावीची गाठ निघेना.
बाभळीचा काटा घेऊन बसली ती,
काटा मोडला, दुसरा आणायला उठली,
तेवढ्यात मी बूट बॅगेत कोंबले
आणि साडेतीनची एसटी धरली.

परवा निकहत गेली होती अकॅडमीत,
वर्दीत, पेढे घेऊन.
रात्री फोन केला.
पोरी सगळ्या नवीन, म्हणाली. मावशी तीच.
तारेवर जोड्या वाळत होत्या
आणि शेवटी एक सुटी, पांढरी.
दर रविवारी धुते म्हणे.
पोरी विचारतात तर सांगते,
"येईल मालकीन कवातरी, न्हाई तर न्हाई.
धुवायला काय लागतंय?"

डावी माझ्याकडं आहे,
टेबलाच्या खणात, पावतीपुस्तकांखाली, गाठीसकट.
गाठीत ग्राउंडची काळी माती, वाळून खडा झालेली.
बाहेर ट्रॅक्टर रिकामे होतात,
पंख्याच्या वाऱ्यानं कापूस आत येतो,
पावत्यांवर बसतो.

सुती आहे. कढत पाणी चालतं तिला.
अजून भिजवली नाही.

चोच शाबूत आहे. गुलाबी.