पुढचं वजन

बादल. नाव हेच, कागदोपत्रीसुद्धा.
फायबरचं अंग, तीन चाकं, मागे एकशे अठ्ठ्याण्णव सीसी.
मुंजाबाच्या बोळात तिला कुणी गाडी म्हणत नसे.
म्हणत, "खळदकरांचं ते आलं."

कात्रजच्या जुन्या घाटात इंजिनाचा गळा दाटला
की अप्पा काही बोलत नसत.
आईच दार उघडायची,
चालत्या गाडीतून उतरायची (चालती म्हणजे काय, आमच्यापेक्षा हळू),
मला बखोटीला धरून ओढून घ्यायची,
आणि आम्ही दोघी निळ्या धुरामागून
बोगद्यापर्यंत पायी.
बोगद्याशी अप्पा काच पुसत उभे.
"आलात?"
जणू मागे आम्हीच पडलो होतो.

मग ती एकतीस वर्षं ताडपत्रीखाली.
सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदल्या.
मी भोसरीत मायक्रोमीटर धरला,
दुसऱ्यांच्या चुका शतांशात मोजल्या,
निवृत्त झाले, आणि फंडाचे पैसे आल्या आल्या
नाना पेठेत दस्तगीरभाईंकडे गेले.

"ताई, इंजिन कुठलंही बसतं," ते म्हणाले,
"गाडीला ते पचलं पाहिजे."

कुदळवाडीतून नॅनोचं आणलं. सहाशे चोवीस, दोन सिलिंडर,
पुढून चेंदामेंदा झालेल्या गाडीचं मागून शाबूत इंजिन.
पोपट ढमाले वेल्डिंगला.
आठ एमएमची पट्टी, जुन्या पलंगाचे अँगल,
रेडिएटरला जागाच नाही म्हणून
मी लहानपणी पाय ठेवायचे तिथं रेडिएटर.
एक भोक दीड मिलिमीटर सरकलं होतं.
मी बोट ठेवलं.
पोपट म्हणाला, "रस्त्यावर कोण मोजायला येतंय?"
मी म्हटलं, "मी."
त्याने परत पाडलं. दोन दिवस बोलला नाही.

आरटीओच्या अर्जात रकाना होता:
इंजिन बदलण्याचे कारण.
मी लिहिलं, चढ.
कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं
आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं,
"जुने नादुरुस्त".
तसं ते नव्हतं. दुसऱ्या किकला लागायचं.

पहिली चक्कर पर्वतीच्या पायथ्याशी.
ॲक्सिलरेटर दाबला आणि नाक वर आलं.
स्टिअरिंग हातात होतं, रस्ता नव्हता.
फुगेवाल्याने सायकल फुटपाथवर घेतली.
"मागे जड झाली," दस्तगीरभाई म्हणाले,
"आता पुढे वजन पाहिजे."
वाळूचं पोतं टाकलं, ते फाटलं.
वजनं भंगारवाल्याकडून आणायची म्हणत
ते बाकाखाली वाकले,
आणि थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले.
"हे आहे की."

फडक्यात गुंडाळलेलं जुनं इंजिन.
निथळून, पुसून, चार बोल्टांवर
नाकात बसवलं, चाकाच्या अगदी वर.
आता ते काही ओढत नाही.
नुसतं असतं, म्हणून चाक जमिनीला टेकतं.

रविवारी आईला घेऊन गेले.
एकोणऐंशी वर्षं, सत्तेचाळीस किलो,
मांडीवर डबा, गुडघ्यांना रेडिएटरची धग.
"शेगडीशेजारी बसल्यासारखं वाटतंय," म्हणाली,
"आणि हे एवढं ओरडतंय कशाला?"
घाट लागला. तिसरा गिअर, एकदाही खाली नाही.
माझं लक्ष काट्यांवर, पाण्याच्या तापमानावर,
त्या दीड मिलिमीटरवर.

मग दिसलं: तिचा डावा हात
दाराच्या खिट्टीवर गेलेला.
डबा उजवीकडे सरकवलेला.
पदर खोचलेला.
"इथं मी..." ती म्हणाली,
आणि तोवर ते इथं
दोन वळणं मागे गेलं होतं.

बोगदा आला. इंजिन बंद केलं.
आई बसूनच राहिली.
"किती वेळ लागला गं?"
"चार मिनिटं."
तिने हात खिट्टीवरून काढला,
डब्यावर ठेवला,
पुन्हा खिट्टीवर ठेवला.
"मग आता काय करायचं?"