पाच दिवसांचा आठवडा

टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
आतल्या कोऱ्या बाजूवर मी पहिलं वेळापत्रक आखलं.
सोमवार ते रविवार, सात रकाने,
हिरव्या पेनानं कॉस्टिंग, लाल पेनानं टॅक्स,
रविवारी दुपारी, चौकट करून, 'उजळणी'.
शिलाई मशीनच्या वर टांगलं.
आई म्हणाली, छान दिसतंय, देवाच्या फोटोसारखं.
तिला वाचता येत नाही, तरी बरोबर ओळखलं तिनं:
रोज नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

सोमवारी पहाटे साडेतीनला
'ले, नीळ्ळु वच्चिनय!'
आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू.
पाणी वार बघून येत नाही आमच्याकडं.
दोन बॅरल, सहा घागरी,
शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतो आम्ही.
त्यानंतर कसला टॅक्स.
मंगळवारी गोडाऊनात माल आला,
अक्कलकोट रोडवर रात्री नऊपर्यंत
डझनाचे नग आणि नगांचे डझन करत बसले.
बुधवारी आईच्या चारशे विड्या छाटात निघाल्या.
दोघी बसलो मग सुपं मांडीवर घेऊन,
बोटं पानावर, तोंडात सूत्रं.
किती सूत्रं वळली गेली त्या विड्यांत, कोण ओढणार कुणास ठाऊक.

कॉस्टिंगच्या पुस्तकात एक प्रकरण आहे: निष्क्रिय वेळ.
मजूर हजर, मजुरी चालू, काम मात्र थांबलेलं.
प्रकार दोन.
सामान्य वेळ मालाच्या किमतीत धरायचा,
असामान्य सरळ तोट्यात टाकायचा.
पाच मार्कांना हमखास.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
नळाची वाट बघणं, सामान्य.
अशोक चौकात रिक्षा भरायची वाट, सामान्य.
शेठचा फोन संपायची वाट, सामान्य.
भिवंडीहून मला बघायला आलेले पाहुणे, तीन तास, असामान्य.
ते खोडलं.
परत लिहिलं.

तोट्यात टाकण्यासारखं तेवढंच निघालं.
बाकी सगळं माझ्या पदवीच्या किमतीत
आधीपासून धरलेलंच होतं की.
मीच उगाच रोज रात्री हिशेब चुकवून रडत होते.

आठवडा म्हणतात आणि दिवस देतात सात.
मग आमचा पाचाचा का नको?
नवा पुठ्ठा, पाच रकाने.
पहिला पाण्याचा. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही,
आणि उघडलं नाही म्हणून तोंड पाडायचं नाही.
दुसरा पेंगुळलेला, त्याला नुसती थिअरी.
तिसरा, चौथा गणितांचे,
मोरीच्या दाराशी, नऊ ते साडेअकरा,
तिथं शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही.
पाचवा काठावरचा.
पाणी आलं तर तोच पहिला, नाही आलं तर माझा.

रुख्साना नदाफ बाजूच्या बाकावर बसते,
तिच्या पेठेत पाणी वेगळ्या रात्री.
पहाटे पाचला मोबाईलवर ती एक टिंब पाठवते.
शब्द नाही, फूल नाही, टिंब.
म्हणजे मी उठलेय.
मीही टिंब पाठवते.
कधी कधी टिंब पाठवून परत झोपते,
आणि सकाळी कॉलेजात
दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळतो,
तेव्हा कळतं, तीही.
तरी टिंब चुकलेलं नाही अजून एकही.
परीक्षेला बेचाळीस दिवस,
म्हणजे माझे आठ आठवडे आणि वर दोन.

आज सहावा दिवस.
पुठ्ठ्यावर याला रकानाच नाही.
बॅरल तळाला गेलंय, आई उशाशी घागर ठेवून झोपलीय,
गल्ली कान देऊन पडलीय.
मी मोरीच्या दाराशी
तेविसावं गणित तिसऱ्यांदा मांडतेय.
उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही,
सतरा रुपयांचा फरक.
कुठं गेले ते शोधतेय.
नळ मधूनच सुस्कारतो, नुसती हवा.
येऊ दे सावकाश.
सतरा रुपये सापडेपर्यंत तरी नको.